द्वेष सगळ्यांच्या मनात, बिल्ला काहींच्याच छातीवर

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, टॉरन्समध्ये आम्ही बरीच वर्षं राहतोय. आसपासची काही मराठी घरं महिन्यातल्या एका शनिवारी कुणाकडे तरी जमतात. आधी मिसळ नाहीतर पिठलं-भात, मग एखादा चित्रपट आणि शेवटी भांडण, असा आमचा रिवाज आहे. पॉल हॅगिसचा 'क्रॅश' या बैठकीत पुन्हा पुन्हा येतो, कारण इथे नव्याने आलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, "काका, इथे खरंच असं असतं का हो?"

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाताळच्या सुमाराचे जेमतेम दीड दिवस, शहर लॉस एंजेलिस. सरकारी वकील आणि त्याची बायको, दोन गाडीचोर, दोन पोलीस, एक टीव्ही दिग्दर्शक आणि त्याची पत्नी, इराणी दुकानदार, कुलपं बसवणारा लॅटिनो कारागीर, एक डिटेक्टिव्ह. नायक कुणीच नाही. सगळे एकमेकांवर आदळत राहतात, आणि प्रत्येकाच्या तोंडून दुसऱ्याच्या वंशाबद्दल काहीतरी बाहेर पडतं. इतक्या बैठकांतून जे हाती लागलं ते क्रमाने मांडतो.

१. ऑस्करचं भांडण आधी मिटवून टाका

हा चित्रपट निघाला की चर्चा पहिल्याच मिनिटाला घसरते. मार्च २००६ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर 'ब्रोकबॅक माउंटन'ला मिळणार असं जवळजवळ सगळे धरून चालले होते. दिग्दर्शनाचं त्याच्या अँग लीला मिळालंही; चित्रपटाचं मात्र 'क्रॅश'ने नेलं. शिवाय पटकथा आणि संकलन अशी एकूण तीन. रॉजर ईबर्टसारख्या नामवंत समीक्षकाने त्याला २००५ चा सर्वोत्तम चित्रपट म्हटलं. लेखक टा-नेहिसी कोट्स यांनी पुढे दशकातला सर्वांत वाईट ठरवलं. खुद्द हॅगिसनेही नंतर कबूल केलं की त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट आपला होता असं त्याला वाटत नाही. त्यामुळे हा विषय पाच मिनिटांत आटपावा. बक्षीस योग्य होतं की नाही, यापेक्षा दोन जाणत्या माणसांना एकच चित्रपट इतका वेगळा का दिसला, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

२. माणसांआधी रस्ते समजून घ्या

चित्रपटाच्या सुरुवातीलाच डिटेक्टिव्ह ग्रॅहम म्हणतो की या शहरात माणसाला माणसाचा स्पर्श होत नाही, सगळे काच आणि पत्र्याच्या आड असतात. वाक्य टाळीचं आहे, आणि इथे राहणाऱ्याला ते पटतंही. टॉरन्सहून डाउनटाउनला ११० नंबरच्या फ्रीवेने जाताना मँचेस्टर, फ्लॉरेन्स, स्लॉसन अशा पाट्या डोक्यावरून जातात. माझ्या ओळखीत असे कितीतरी जण आहेत, की रोज या पाट्या वाचतात आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी कधी उतरलेले नाहीत.

पण ही काच आपोआप चढलेली नाही, आणि ते चित्रपट सांगत नाही. अनेक वस्त्यांतल्या घरांच्या कागदपत्रांत पूर्वी स्पष्ट अट असे, की हे घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार हॅटी मॅकडॅनियल हिने वेस्ट ॲडम्समधल्या शुगर हिल भागात घर घेतलं, तेव्हा गोरे शेजारी कोर्टात गेले. १९४५ मध्ये ती आणि तिचे कृष्णवर्णीय शेजारी खटला जिंकले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी देशभर थांबवली. आणि मग साठच्या दशकात सँटा मोनिका फ्रीवे आला, तो नेमका शुगर हिलच्या मधून. कोर्टाने वाचवलेली वस्ती रस्त्याने चिरली. गाडीतला एकटेपणा हा या शहराचा स्वभाव वगैरे नाही, त्यामागे आखणी आहे. हे माहीत असलं की ग्रॅहमचं वाक्य अर्धवट वाटायला लागतं.

३. शिवीपेक्षा विनंतीकडे लक्ष ठेवा

'क्रॅश'मध्ये शिव्या भरपूर आहेत. बंदुकीच्या दुकानात इराणी फरहादला 'ओसामा' म्हणून हाकलतात. गाडी चोरीला गेल्याच्या रात्री सरकारी वकिलाची बायको, कुलूप बसवायला आलेल्या तरुणाचं मुंडण आणि गोंदण बघून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते की उद्या सगळी कुलपं पुन्हा बदलून घ्या. हे प्रसंग लगेच कळतात. कुणाचं चुकलं हे लहान मूलही सांगेल.

मी नव्या लोकांना दुसरा एक प्रसंग थांबवून दाखवतो. टीव्ही दिग्दर्शक कॅमेरॉन, म्हणजे टेरेन्स हॉवर्ड, एका दृश्याचं चित्रीकरण संपवून उभा आहे. गोरा निर्माता जवळ येतो. आवाज मऊ, चेहऱ्यावर दोस्तीचं हसू. त्याची तक्रार एवढीच, की तो कृष्णवर्णीय नट हल्ली फारच शुद्ध बोलतोय, 'त्यांच्यासारखं' बोलत नाही. कॅमेरॉनला आधी ही थट्टाच वाटते. मग समोरचा विचारतो, यात काही अडचण आहे का? कॅमेरॉन क्षणभर त्याच्याकडे बघत राहतो, नाही म्हणतो आणि पुन्हा टेक घ्यायला वळतो. एकही अपशब्द नाही, आवाज चढलेला नाही, तरी काम झालं. नोकरी करणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला हा प्रसंग पोटात कळतो.

४. जीव वाचवला म्हणून आधीचं फिटत नाही

चित्रपटाचा कणा म्हणजे ऑफिसर रायनचे दोन प्रसंग. मॅट डिलनला अभिनयाचं नामांकन मिळालं ते याच भूमिकेसाठी. पहिल्या रात्री तो कॅमेरॉनची गाडी काही कारण नसताना अडवतो आणि झडतीच्या नावाखाली त्याच्या पत्नीच्या, क्रिस्टीनच्या अंगावर नको तिथे हात फिरवतो. नवरा दोन पावलांवर उभा. त्याला माफी मागायला लावतात आणि तो मागतो. दुसऱ्या दिवशी अपघातात उलटलेल्या गाडीत क्रिस्टीन अडकते, पेट्रोल गळतंय, आणि वाचवायला येतो तोच रायन. ती त्याला ओळखते आणि किंचाळते, दुसरा कुणीही पाठवा म्हणते. तो ऐकत नाही. ज्वाळा पोहोचण्याआधी तिला बाहेर काढतो.

आमच्याकडे हे दृश्य संपलं की खोलीत दोन तट पडतात, आणि ते बहुतेक वेळा पुरुष आणि बायका असेच असतात. पुरुष म्हणतात, बघा, माणूस पूर्ण वाईट नसतो. बायका पहिल्या रात्रीबद्दल बोलतात. एका वहिनींनी एकदा सरळ विचारलं, "वाचवणं त्याची ड्युटीच होती ना? मग हिशोबात कशाला धरता?" त्यावर आजतागायत कुणाकडे उत्तर नाही.

दिग्दर्शक रायनला आजारी वडील देतो, जागरणं देतो, आगीतली उडी देतो. क्रिस्टीनला काय देतो? नवऱ्याशी एक कडाक्याचं भांडण, एक किंकाळी आणि ॲम्ब्युलन्सकडे जाताना मागे वळून टाकलेली एक नजर. ज्याने गुन्हा केला त्याच्या मनाचा तळ दाखवायला वेळ आहे, जिच्यावर तो झाला तिच्यासाठी नाही. चित्रपट पाहताना ही विषमता टिपायची सवय लावून घ्यावी. ती इतर शेकडो चित्रपटांतही सापडते.

५. भला माणूस कुठवर पोहोचतो ते बघा

रायनचा तरुण जोडीदार हॅन्सन त्या रात्रीने हादरतो आणि जोडीदार बदलून मागतो. त्याचा वरिष्ठ अधिकारी कृष्णवर्णीय आहे. तो त्याला समजावतो की अशी लेखी तक्रार आली तर माझीही धडगत नाही. त्यापेक्षा तुला पोटात वायूचा त्रास आहे म्हणून एकट्याने गाडी हवी, असं लिहून दे. हॅन्सन लिहून देतो. प्रेक्षक हसतात. हसण्यासारखं आहेही, पण तक्रार कागदावर आलीच नाही, आणि रायन दुसऱ्या दिवशी त्याच गणवेशात कामावर हजर झाला, हे त्या हशात निसटतं.

हाच हॅन्सन शेवटी रात्री एका कृष्णवर्णीय मुलाला, गाडीचोरांपैकी पीटरला, लिफ्ट देतो. पीटर काहीतरी दाखवायला खिशात हात घालतो, हॅन्सनला बंदूक वाटते, तो गोळी झाडतो. पीटरच्या हातात प्रवाशांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या सेंट ख्रिस्तोफरची छोटी मूर्ती असते. अगदी तशीच हॅन्सनच्या डॅशबोर्डवरही आहे. तो प्रेत रस्त्याकडेला टाकतो आणि गाडी पेटवून देतो. चांगल्या विचारांच्या माणसाचा हातही भीतीने बंदुकीकडे जातो, हा या चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक भाग मला वाटतो. रायनसारखी माणसं ओळखू येतात, हॅन्सनसारखी येत नाहीत.

६. सगळ्यात शांत प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा

आग, गोळी, किंचाळ्या सगळ्यांना आठवतात. सरकारी वकिलाचा माणूस आणि डिटेक्टिव्ह ग्रॅहम यांच्यातलं बोलणं फारसं कुणाला आठवत नाही. एका गोऱ्या पोलिसाने एका कृष्णवर्णीय पोलिसाला मारलंय. मेलेल्याकडच्या गाडीत तीन लाख डॉलर्स सापडलेत, म्हणजे प्रकरण सरळ नाही. पण वकिलाला निवडणुकीची चिंता आहे, आणि गोऱ्या पोलिसाला आरोपी करणं सोयीचं आहे. सौदा असा: ग्रॅहमने पैशांबद्दल गप्प बसावं, त्या बदल्यात त्याच्या भावाविरुद्धचं वॉरंट नाहीसं होईल. कॅलिफोर्नियात १९९४ पासून कायदा असा होता, की तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप. भाऊ त्याच उंबरठ्यावर. ग्रॅहम मान्य करतो. तो भाऊ म्हणजेच पीटर, आणि त्याच रात्री तो हॅन्सनच्या गाडीत मरतो.

इथे कुणाच्या मनात कुणाबद्दल द्वेष आहे हा प्रश्नच उरत नाही. फाइल कुणाच्या टेबलावर आहे आणि सही कोण करणार, एवढंच उरतं. बाकी चित्रपट सांगतो की सगळेच थोडे थोडे दोषी आहेत. हा एक प्रसंग सांगतो की दोष सगळ्यांचा असला तरी भोगतात ठरावीक लोक.

७. गप्प कोण आहे ते मोजा

२००० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस शहरात जवळजवळ निम्मी वस्ती लॅटिनो होती. चित्रपटात मोठी भूमिका असलेले लॅटिनो म्हणजे कारागीर डॅनियल, जो जवळपास संतच आहे, आणि ग्रॅहमची सहकारी रिया. ग्रॅहम रियाला मेक्सिकन म्हणून मोकळा होतो. वडील पोर्तो रिकोचे आणि आई एल साल्वाडोरची, हे तिला त्याला ऐकवावं लागतं. मोलकरीण मारियाला मालकिणीच्या मिठीत येण्याएवढंच काम आहे. आशियाई माणसं तर एकतर माणसांचा व्यापार करणारी, नाहीतर व्हॅनमध्ये साखळीने बांधलेली आणि मुकी.

याच शहरात मार्च १९९१ मध्ये, रॉडनी किंगला पोलिसांनी झोडपल्याची चित्रफीत गाजत असताना, लटाशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीनंतर कोरियन दुकानदारिणीच्या गोळीने मेली. दुकानदारिणीला तुरुंगवास झाला नाही. प्रोबेशन आणि ५०० डॉलर्स दंडावर भागलं. २९ एप्रिल १९९२ ला किंग प्रकरणातल्या पोलिसांना ज्यूरीने सोडलं आणि शहर पेटलं. साठाहून अधिक माणसं मेली, सुमारे शंभर कोटी डॉलर्सचं नुकसान झालं, आणि कोरियन लोकांची दुकानं मोठ्या संख्येने जळाली. या शहरातल्या वांशिक तणावावर चित्रपट काढायचा आणि कोरियन माणसाला ब्रेकच्या उच्चारावरून हशा मिळवण्यापुरतं वापरायचं, हे फार तोकडं आहे.

८. योगायोगांना भुलू नका

अनेक गोष्टी एकत्र विणायची पद्धत जुनी आहे. रॉबर्ट ऑल्टमनचा 'शॉर्ट कट्स' आणि पॉल थॉमस अँडरसनचा 'मॅग्नोलिया' हेही याच शहरात घडतात. पण सदतीस लाखांच्या शहरात तीच डझनभर माणसं दीड दिवसात एकमेकांना इतक्यांदा भेटतात, तेव्हा लेखक किराणा दुकानदाराच्या वहीसारखे हिशोब जुळवत बसलाय हे दिसायला लागतं. दुकान फुटल्याच्या रागात फरहाद डॅनियलवर बंदूक झाडतो, पण फरहादच्या मुलीने आणलेल्या गोळ्या नुसत्या आवाजाच्या निघतात म्हणून डॅनियलची चिमुरडी वाचते. प्रसंग अंगावर येतो, डोळे भरतात. पण उपाय काय निघाला? दैव. जिथे विमा कंपनीने दावा का नाकारला आणि दुकान कुणी फोडलं हे प्रश्न उभे होते, तिथे चमत्कार आला आणि प्रश्न निघून गेले.

९. शेजारी 'डू द राइट थिंग' ठेवा

स्पाइक लीचा हा चित्रपट १९८९ चा. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंटमधली एक गल्ली, वर्षातला सर्वांत उकाड्याचा दिवस. इथेही नायक नाही, सगळी वस्तीच आहे. भांडण सुरू होतं ते भिंतीवरच्या फोटोंवरून. सालच्या पिझ्झाच्या दुकानात सगळे फोटो इटालियन-अमेरिकनांचे. गिऱ्हाईक सगळं कृष्णवर्णीय. त्यांतला बगिन आउट विचारतो, आमचा एकही फोटो का नाही? साल म्हणतो, दुकान माझं. दोघांचंही म्हणणं कळतं, आणि तरी रात्री दुकान जळतं.

मधे काय घडतं ते महत्त्वाचं. पोलीस वस्तीतल्या रेडिओ रहीम या तरुणाचा गळा दंडुक्याने आवळतात आणि तो मरतो. मग सालकडेच कामाला असलेला मूकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो. लीने अनेकदा सांगितलंय, की मूकीने योग्य केलं का हे त्याला गोरे प्रेक्षक विचारतात, कृष्णवर्णीय नाही. आमच्या बैठकीतही पहिला प्रश्न काचेबद्दलच येतो, रहीमबद्दल नंतर. लीने रहीमचा मृत्यू कल्पनेतून काढला नव्हता. १९८३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये मायकल स्टुअर्ट हा तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना गंभीर जखमी होऊन मेला होता, आणि चित्रपट ज्या कुटुंबांना अर्पण केलाय त्यांत त्याचंही कुटुंब आहे. २०२० मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर लीने रहीमची दृश्यं फ्लॉइड आणि आधी तसाच मेलेला एरिक गार्नर यांच्या चित्रफितींशेजारी जोडून एक लघुपट केला. एकतीस वर्षांनी त्यात काही बदलावं लागलं नाही.

'क्रॅश' शेवटी लॉस एंजेलिसवर बर्फ पाडतो आणि सगळ्यांना थोडी थोडी माफी वाटतो. 'डू द राइट थिंग' कुणालाच माफी देत नाही, शिक्षाही सुनावत नाही. दुसऱ्या सकाळी मूकी सालकडे पगार मागायला येतो, बस. मला हा शेवट जास्त खरा वाटतो.

१०. आपण कोणत्या खुर्चीवर बसलोय ते ओळखा

फरहादच्या दुकानाच्या भिंती अरबांविरुद्धच्या शिव्यांनी रंगवलेल्या असतात, आणि त्याची बायको विचारते की इराणी माणसं अरब कधी झाली? हा प्रश्न आपल्याला परका नाही. १५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली गेली. मारणाऱ्याला पगडी दिसली, अरब समजायला तेवढं पुरलं. त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना गोरे नाहीत म्हणून नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं होतं. पुढे १९६५ च्या कायद्याने दार उघडलं, ते नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या वातावरणात. त्या चळवळीत मार खाल्ला तो मुख्यतः कृष्णवर्णीयांनी. आपण व्हिसा घेऊन आलो ते त्यानंतर.

आणि तरी नवा आलेला मुलगा फोनवर नकाशा उघडून पहिल्याच आठवड्यात विचारतो, घर कुठे घ्यायचं नाही? जुने जाणते बोट ठेवून दाखवतात, आणि ते बोट ११० च्या कडेनेच फिरतं. कारण म्हणून सगळे शाळांचं नाव घेतात. वर सांगितलेला मऊ आवाज तो हाच.

म्हणून सुचवतो: 'क्रॅश' बघा, नक्की बघा, डॉन चीडल, टेरेन्स हॉवर्ड, थँडीवे न्यूटन यांची कामं बघण्यासारखी आहेत. पण चारचौघांत बघा, आणि संपल्यावर कोण किती चांगला, कोण किती वाईट यावर वेळ घालवू नका. प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा: इथे कुणाच्या शब्दाने दुसऱ्याचं आयुष्य बदलू शकतं? उत्तरं कागदावर लिहा. यादीत पोलीस, वकील, निर्माता, विमा कंपनी हीच नावं पुन्हा पुन्हा येतील. आणि एकच चित्रपट बघण्याएवढा वेळ असेल, तर 'डू द राइट थिंग' बघा.